चित्रकलेच्या पदवीला जायचंय? अर्ज, कागदपत्रं आणि पैशांची तयारी

मुलाने किंवा मुलीने चित्रकलेची पदवी घ्यायची म्हटली की घरात पहिला प्रश्न उठतो, ‘पुढे काय करणार?’ त्याचं उत्तर प्रत्येक घर आपापल्या परीने शोधतं. मी लिहितोय ते त्याच्या आधीच्या दोन प्रश्नांबद्दल. प्रवेश मिळवायचा कसा, आणि चार वर्षांचे पैसे आणायचे कुठून?

तालुक्याच्या गावात चित्रं शिकवताना एक गोष्ट मी दरवर्षी पाहतो. ज्यांचा हात चांगला आहे ती मुलं परीक्षेत सहसा अडत नाहीत. ती अडतात निकालानंतर. जातीचा दाखला असतो पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आलेली नसते. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा निघतो. घाबरून मॅनेजमेंटच्या, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेवर पैसे भरलेले असतात आणि मागाहून कळतं की त्या जागेवर फी सवलत मिळत नाही. यातलं बहुतेक सगळं टाळता येतं, फक्त तयारी बारावीच्या सुरुवातीला व्हायला हवी.

आधी कोणता रस्ता ते ठरवा

महाराष्ट्रात बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) पदवी घेता येते. कोणत्याही शाखेतून बारावी झालेली चालते. कला शाखाच हवी, असं नाही. पदवीच्या दोन मोठ्या बाजू आहेत. एक ललित कलांची, म्हणजे रंगकला, शिल्पकला, मातीकाम, धातुकाम, वस्त्रकला वगैरे. दुसरी उपयोजित कलेची, म्हणजे अप्लाइड आर्टची. जाहिरात, अक्षररचना, इलस्ट्रेशन, छायाचित्रण, पॅकेजिंग हे सगळं तिच्यात येतं. ‘नोकरी मिळते म्हणून अप्लाइड’ एवढ्या कारणावर निवड करू नका. दोन्हीकडच्या वार्षिक प्रदर्शनांना जा, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांची कामं पाहा आणि आपल्याला दिवसाचे आठ तास काय करत बसायला आवडेल ते स्वतःला विचारा.

पदवीशिवाय कला संचालनालयाचे पदविका अभ्यासक्रमही आहेत. फाउंडेशन, जी.डी. आर्ट (शासकीय कला पदविका), आणि शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी. घरची परिस्थिती बघता लवकर कमावतं व्हायचं असेल तर यांचाही गंभीरपणे विचार करावा. मात्र कॉलेज ‘डिग्री’ म्हणतंय ती खरोखर एखाद्या विद्यापीठाशी संलग्न आहे का, आणि ‘डिप्लोमा’ म्हणतंय तो कला संचालनालयाच्या मान्यतेचा आहे का, हे प्रवेशाआधी तपासा. शहरांमध्ये झगमगीत नावांच्या खासगी संस्था पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रमाणपत्रावर पुढे एम.एफ.ए. करता येत नाही आणि शासकीय शिष्यवृत्तीही मिळत नाही. डिझाइनकडे ओढा असेल तर यूसीड आणि एनआयडीच्या प्रवेशपरीक्षा वेगळ्या असतात. त्यांचं वेळापत्रक वेगळं, तयारी वेगळी आणि खर्चाचा आकडाही बराच मोठा.

कॉलेजांची यादी करताना शासकीय संस्था वर ठेवा. मुंबईत सर ज. जी. कला विद्यालय, म्हणजे जे.जे., आहे, १८५७ सालचं. त्याच्या शेजारीच उपयोजित कला संस्था. २०२३ मध्ये या संस्थांना वास्तुशास्त्र महाविद्यालयासह अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे जे.जे.ची प्रवेशसूचना त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी पाहत राहा. ‘सीईटीचा फॉर्म भरलाय, म्हणजे जे.जे.चंही झालं’ असं धरून चालू नका. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय कला महाविद्यालयं आहेत. तिथली फी खासगी कॉलेजच्या मानाने अगदी थोडी असते आणि मुंबईच्या मानाने राहण्याचा खर्चही कमी. विदर्भ-मराठवाड्यातली मुलं मुंबई-पुण्याच्या ओढीने ही दोन नावं यादीत खाली टाकतात, ते मला पटत नाही. खासगीत पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय आणि भारती विद्यापीठाचं कॉलेज, मुंबईत रचना संसद आणि रहेजा, चिपळूणजवळ सावर्ड्याचं सह्याद्री, शिवाय कोल्हापूर-सांगलीकडची जुनी कॉलेजं. गोव्यातल्यांसाठी पणजीत आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय आहे, त्याची प्रवेशप्रक्रिया गोवा शासनाची. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स आणि शांतिनिकेतनचं कला भवन या दोन्ही संस्था सरकारी विद्यापीठांत आहेत. त्यामुळे प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च धरूनही त्या कधी कधी पुण्यातल्या खासगी कॉलेजपेक्षा स्वस्त पडतात.

सीईटी

राज्यातल्या बी.एफ.ए. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष एएसी सीईटी घेतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि साधारण बारावीच्या लेखी परीक्षेच्या आधीच सुरू होतो. बोर्डाच्या गडबडीत तारीख निघून जाते. म्हणून डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा सीईटी कक्षाचं संकेतस्थळ उघडायची सवय लावा. फॉर्म भरताना नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. आधार कार्डावर स्पेलिंग वेगळं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, कारण पुढे शिष्यवृत्ती आधारवरच चालते. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा किंवा आईवडिलांचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकलेले फॉर्म मी पाहिलेत. पुढचे सगळे ओटीपी मग त्याच्याकडे जातात आणि ऐन वेळी त्याचं दुकान बंद असतं.

परीक्षेत वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे भाग असतात. वस्तुचित्रात समोर मांडलेल्या वस्तूंची प्रमाणं आणि छायाप्रकाश बघतात. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात रचना आणि रंगसंगती. स्मरणचित्रात बाजार, बसस्टॉप, शाळेचं मैदान असा रोजच्या जगण्यातला प्रसंग माणसांसह उभा करायचा असतो, आणि बरीच मुलं इथेच कमी पडतात. त्यांचा फोटोवरून काढायचा सराव दांडगा असतो, पण वाकलेला, बसलेला, ओझं उचलणारा माणूस मनाने काढता येत नाही. त्यावर महागडा क्लास हा उपाय नाही. आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडवर वही घेऊन बसा आणि रोज दहा-पंधरा झटपट रेखाटनं करा. सहा महिन्यांत फरक दिसतो. सामान्यज्ञानासाठी कलेचा इतिहास, रंगशास्त्राचे मूलभूत नियम आणि महाराष्ट्रातली लेणी, चित्रकार, वास्तू यांची माहिती वाचून ठेवा.

क्लास लावायचाच असेल तर फी देण्याआधी एक दिवस बसून बघा. सर मुलांच्या कागदावर स्वतः चित्र पूर्ण करून देत असतील, तर तो क्लास घेऊ नका.

पाचवा पेपर: कागदपत्रं

कागदपत्रं मी परीक्षेचा पाचवा पेपर समजतो, आणि मुलांना त्याची तयारी सगळ्यात आधी सुरू करायला लावतो.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांनाच लागतो. सोबत वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण डोमिसाइल म्हणतो, ते काढून ठेवा. महा-ई-सेवा केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज होतो. बारावीचा निकाल लागला की या केंद्रांवर रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर काम शांतपणे होतं.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. याला महिने लागू शकतात. अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्रासह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल करा. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. वडील, काका, आत्या, सख्खी भावंडं, म्हणजे वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर त्यांची प्रत आणि वंशावळ जोडा. काम पुष्कळ सोपं होतं. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जुना महसुली उतारा शोधायला वेळ लागतो, म्हणून ते काम घरातल्या मोठ्यांवर आजच सोपवा. व्हॅलिडिटी वेळेत दिली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि तुमचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. दाखल केल्याच्या पावतीवर मुदत मिळते असं लोक सांगतात. एखाद्या वर्षी तशी मुदत मिळालीही असेल, पण तिच्या भरवशावर राहू नये.

ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी यांना नॉन-क्रीमीलेयर लागतं. ते प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. जुनं लॅमिनेट करून ठेवलेलं काढून नेऊ नका, त्यावरची तारीख वाचा. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज असेल तर ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र चालू वर्षाचं हवं. आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तर कुठल्याही प्रवर्गातल्या मुलाला लागतोच, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक सवलत त्यावर अवलंबून आहे. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. फाइलला नीट नाव द्या, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या धूसर प्रतींवर विसंबू नका. मूळ कागदांचे झेरॉक्सचे तीन संच करा.

कॅप राउंड

निकालानंतर प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. सीईटी दिली म्हणजे कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, आपोआप नाव गेलं असं होत नाही. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग ऑप्शन फॉर्म, असा हा क्रम. तात्पुरत्या यादीत स्वतःचं नाव, प्रवर्ग आणि गुण डोळ्यात तेल घालून तपासा. चूक दुरुस्त करायची मुदत दोन-तीन दिवसांची असते आणि ती गेली की कोणी ऐकत नाही.

ऑप्शन फॉर्म भरताना खरी पसंती वरून खाली लिहा. ‘ते कॉलेज मिळणारच नाही, मग पहिल्या क्रमांकावर कशाला वाया घालवू?’ असा विचार मुलं करतात. वरची पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क कमी होत नाही. पण जिथे फी किंवा राहण्याचा खर्च परवडणारच नाही असं कॉलेज यादीत घालूच नका. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, आणि त्या वेळी ‘परवडत नाही’ म्हणून मागे फिरलं की पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणून ऑप्शन फॉर्म भरताना घरी सगळ्यांनी एकत्र बसावं आणि कॉलेजच्या प्रत्येक नावापुढे वर्षाचा एकूण खर्च लिहावा.

पहिलीखालची पसंती मिळाली तर दोन पर्याय असतात. जागा फ्रीझ करा, म्हणजे तीच कायम करा, किंवा ती स्वीकारून बेटरमेंटसाठी, म्हणजे वरच्या पसंतीसाठी, थांबा. बेटरमेंटमध्ये वरची जागा मिळाली की आधीची जाते, परत मागता येत नाही. दोन्ही वेळी ठरावीक मुदतीत ऑनलाइन जागा स्वीकारून शुल्क भरावं लागतं. ती पावती आणि ठरलेल्या दिवशी कॉलेजमध्ये प्रत्यक्ष हजेरी, यातलं एक जरी राहिलं तरी जागा रद्द होते. मन बदललं तर जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द करा, म्हणजे थोडी रक्कम वजा होऊन बाकी फी परत मिळते. तारखेनंतर फार मोठा तोटा होतो.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आता सांगतो. शासनाच्या फी सवलती केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळतात. मॅनेजमेंट किंवा संस्थास्तरावरच्या जागेवर प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू महाराज योजनेसारखी सवलत मिळत नाही. पहिल्या राउंडमध्ये नाव लागलं नाही की कोणीतरी ‘सीट संपतायत, आजच भरा’ असा फोन करतो आणि पालक घाबरून पैसे भरतात. तो फोन आला तर थांबा, पुढच्या राउंडच्या तारखा बघा. देणगी मागणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका आणि ‘हमखास प्रवेश’ सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

फी म्हणजे नेमकं काय काय

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मंजूर फी दिलेली असते. कॉलेजच्या काउंटरवर सांगितलेला आकडा आणि तिथला आकडा जुळवून बघा. जास्त सांगत असतील तर तो फरक कशाचा, हे लेखी मागा.

फीच्या एकूण आकड्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम असे भाग असतात. सवलत बहुतेक वेळा शिक्षण शुल्कावर आणि परीक्षा शुल्कावर असते. समजा वर्षाची फी ८०,००० आहे, त्यातलं शिक्षण शुल्क ७०,००० आणि विकास शुल्क १०,०००. पन्नास टक्क्यांच्या योजनेत तुम्हाला ३५,००० मिळतात, ४०,००० नाही. घरातून ४५,००० लागणारच. पालक ‘अर्धी फी माफ’ ऐकून चाळीसची तयारी करतात आणि शेवटी पाच हजारांसाठी धावाधाव होते. त्यातही सवलतीचे पैसे बरेच उशिरा येतात, तोवर हप्ते करून मिळतील का, हे कॉलेजला प्रवेशाच्या दिवशीच अर्ज देऊन विचारा. बहुतेक कॉलेजं तयार होतात, पण तोंडी विचारणाऱ्यापेक्षा लेखी अर्ज देणाऱ्याचं काम आधी होतं.

महाडीबीटी

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. आपल्या प्रवर्गाचं आणि उत्पन्नाचं कोष्टक समजून घ्या.

खुल्या प्रवर्गातल्या आणि ज्यांना दुसरी योजना लागू नाही अशांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा अर्धा भाग मिळतो. कला संचालनालयाखालच्या अभ्यासक्रमांना ती पोर्टलवर संचालनालयाच्या नावाखाली दिसते, उच्च शिक्षणाच्या यादीत शोधत बसू नका. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना तिचा लाभ घेता येतो.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झालाय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज त्या यादीत आहे ना, हे प्रवेशाआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा. मुलीला चित्रकलेला पाठवायला पैशांमुळे कचरणाऱ्या पालकांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा २.५ लाख. त्याहून जास्त उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना फ्रीशिप, म्हणजे फी माफी, आहे. विमुक्त-भटके, ओबीसी आणि विशेष मागास यांच्या योजना बहुजन कल्याण विभागाच्या नावाखाली सापडतील.

राहण्याखाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या मुलांना फार कमी माहीत असतात. शासकीय वसतिगृहासाठी अर्ज आधी करा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून आणि ओबीसी-भटक्या प्रवर्गांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून निर्वाहाचे पैसे थेट खात्यात येतात. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी मुद्दाम आखलेला आहे. त्यासाठी अल्पभूधारक दाखला लागतो, तोही तहसीलमधूनच.

आता अर्ज करण्याबद्दल. आधी बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा. नुसतं बँकेत आधारची झेरॉक्स देऊन भागत नाही, डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयच्या (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) यादीत ते खातं सक्रिय असावं लागतं. शाखेत जाऊन याच शब्दांत विचारा. पोर्टलवर प्रोफाइल भरताना कॅपचा अर्ज क्रमांक, कॉलेज, अभ्यासक्रम आणि वर्ष अचूक निवडा. अर्ज पाठवला की तो कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, तिथून विभागाकडे. तो कॉलेजच्या पातळीवरच पडून राहिला, असं फार वेळा होतं. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा आणि अर्ज त्रुटीसाठी परत आला असेल तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवा. पैसे तुमच्या खात्यात आले तर त्यातली फी लगेच कॉलेजमध्ये भरा आणि पावती घ्या. ते पैसे घरखर्चात गेले तर पुढच्या वर्षी अर्ज अडतो.

बारावीला उत्तम गुण असतील तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्तीही बघा. बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या आणि ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना सुरुवातीची तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पण ती घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेता येत नाही. आधी बेरीज करा, जिथे जास्त मिळतं तिथेच अर्ज करा.

कर्ज काढावं का?

शासकीय कॉलेज मिळालं तर सहसा गरज पडत नाही. खासगीत जात असाल आणि सवलत वजा करूनही घर ताणलं जात असेल तर शैक्षणिक कर्ज घ्या, पण नातेवाइकांकडून किंवा सावकाराकडून घेण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत जा. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँका सहसा स्वतःचा हिस्सा आणि तारण मागत नाहीत. पालक सहकर्जदार असतात. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण वर्षभराने सुरू होते, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. शिकत असतानाच ते महिन्याला भरत राहिलात तर शेवटचा बोजा बराच हलका होतो.

कर्जात फीशिवाय संगणक आणि अभ्यासाला लागणारं साहित्य धरता येतं. त्यासाठी कॉलेजकडून चार वर्षांच्या खर्चाचं पत्रक शिक्का मारून घ्या आणि त्यात साहित्य वेगळं लिहून घ्या. शाखेत ‘चित्रकलेला कर्ज नाही’ असं ऐकू आलं तर ते निमूटपणे मान्य करू नका. पदवी विद्यापीठाची असते आणि प्रवेश सीईटीतून झालेला असतो. नकार लेखी मागा, नंतर विभागीय कार्यालयाकडे अर्ज करा. मागासवर्गीय महामंडळांच्या व्याज परतावा योजना आहेत, आपल्या प्रवर्गाच्या महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात एकदा जाऊन या.

चार वर्षं चालणारा खर्च: साहित्य, प्रवास, खोली

फीपेक्षा वेगळा आणि रोज खिशाला लागणारा खर्च म्हणजे साहित्य. कार्ट्रिज पेपर, बोर्ड, पोस्टर कलर, जलरंग, ब्रश, नंतर कॅनव्हास, माती, प्लास्टर. पहिल्याच आठवड्यात यादीतलं सगळं महागडं आणू नका. सरावासाठी न्यूजप्रिंट आणि विद्यार्थी दर्जाचे रंग पुरतात, चांगला कागद आणि चांगले रंग सबमिशनसाठी राखून ठेवा. ब्रश मात्र थोडे पण उत्तम घ्या आणि रोज धुऊन ठेवा. कागद चार-पाच जणांनी मिळून रिमने घेतला तर स्वस्त पडतो. बोर्ड आणि पोर्टफोलिओ बॅग शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मिळते, कॉलेजच्या नोटीस बोर्डवर विचारणा लावा. उपयोजित कलेला जाणाऱ्यांना संगणक लागतो, पण पहिल्या वर्षी हाताचं काम जास्त असतं. तो दुसऱ्या वर्षापर्यंत लांबवा आणि तोवर कॉलेजची लॅब वापरा.

गावाहून ये-जा करणाऱ्यांना एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, मुंबईत लोकलचा सवलतीचा पासही आहे. दोन्हीला कॉलेजचं बोनाफाईड लागतं. खोली घेताना खिडकी आणि ओलं चित्र ठेवायला जागा आहे का ते बघा. पुण्याच्या कॉलेजांत विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आपल्या कॉलेजला लागू आहे का, हे विचारा. पहिल्या वर्षी बाहेरची कामं घेऊ नका असं मी सांगतो. दुसऱ्या वर्षापासून गणपतीची सजावट, भिंतीचित्रं, लग्नपत्रिका, बालपुस्तकांची चित्रं अशी कामं मिळतात. ती घेताना अर्धे पैसे आधी घ्या आणि परीक्षेच्या महिन्यात एकही घेऊ नका.

चांगलं काम जमू लागलं की स्पर्धांना पाठवा. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग असतो, बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या १८८८ पासूनच्या संस्थाही विद्यार्थ्यांना पारितोषिकं देतात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे. दोन वर्षं महिन्याला ५,००० रुपये. तिची जाहिरात आली की गुरूंच्या शिफारशीसह अर्ज करा. त्यासाठी कामांचे स्वच्छ फोटो, आकार, माध्यम आणि वर्ष लिहिलेली यादी पहिल्या वर्षापासून ठेवत जा.

दुसऱ्या वर्षी महाडीबीटीवर नवा अर्ज भरायचा नसतो, आधीच्या अर्जाचं नूतनीकरण करायचं असतं. त्यासाठी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका, चालू उत्पन्नाचा दाखला आणि हजेरी लागते. पहिल्या वर्षाची परीक्षा संपली की गावी जाण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा, हजेरीची नोंद बघा आणि नूतनीकरणाची मुदत विचारून घ्या. गावी गेल्यावर उत्पन्नाच्या नव्या दाखल्यासाठी लगेच अर्ज टाका.